पान एकसष्ट, ओळ नऊ

"वाच," लाइसबेट म्हणाली. "मला कळेल अशा भाषेत वाच, आणि मधलं काही गाळू नकोस."

छापखान्यातली दोन्ही यंत्रं थांबली. सुईण आत आली म्हणून नव्हे. लायडनमध्ये सुईण कुठेही जाते, तिला कोण अडवणार? यंत्रं थांबली ती लाइसबेट कोणाशी बोलते आहे ते पाहून. वेसेल होर्स्ट आणि ही लाइसबेट एकाच कालव्याच्या दोन काठांवर समोरासमोर राहत, आणि एकतीस वर्षांत वेसेल तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. तिच्या दारावरून जावं लागू नये म्हणून तो रोज तीन पूल पलीकडून फेरा घेऊन कामावर येई. त्या फेऱ्यापायी त्याचे एकोणीस जोड बूट झिजले, असं गल्लीत म्हणत. बारेंट म्हणे तेवीस, आणि बारेंट पडला जुळारी, दिवसभर अक्षरांचे खिळे मोजून लावणारा माणूस. त्याचा आकडा सहसा चुकत नसे.

वेसेल त्या छापखान्याचा मुद्रितशोधक. रागीट माणूस. किती रागीट, तर दमट हवेत छापलेले ताव वाळेनासे झाले की मालकीण, विधवा तेसेलारबाई, त्याला दोरीवर टांगलेल्या तावांमधून दोन फेऱ्या मारायला सांगत, आणि दुपारपर्यंत कागद खडखड वाजायला लागे.

रागाला कारण होतं. लहानपणी छडीखाली शिकलेल्या लॅटिनवर त्याने चौतीस वर्षं काढली होती. शहरातले पंडित आपापले शोध डचमध्ये खरडून आणत, किंवा अशा लॅटिनमध्ये की तिच्यापेक्षा डच बरी. वेसेल त्या शोधांना लॅटिनचे नीट कपडे चढवून बाहेर पाठवी. जे लॅटिनमध्ये छापलं नाही ते विद्वानांच्या लेखी घडलंच नाही. आणि छापलं, की पादुआपासून उप्सालापर्यंत ते खरं. देवमाशाची सगळी हाडं वेसेलला नावानिशी ठाऊक होती, आणि हेरिंगहून मोठा मासा त्याने जन्मात पाहिला नव्हता. धूमकेतू, मिठाचे खडे, संधिवात, उवेची आतडी, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. त्याचं नाव मात्र एकाही पुस्तकात नाही. तो असे फक्त प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत: 'जे दोष राहिले असतील ते मुद्रितशोधकाच्या निष्काळजीपणाचे समजावेत.' ही ओळही लेखक डचमध्ये लिहून देई आणि लॅटिन वेसेलच करी. असं त्याने स्वतःला एकशे बारा वेळा शिव्या घातल्या होत्या, निर्दोष भाषेत.

लाइसबेट समोरच उभी होती. सहासष्ट वर्षांची, ठेंगणी, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. हातांकडे पाहिलं की वाटे, हे दुसऱ्याच कोणाचे, तिशीतल्या बाईचे हात लावलेत हिला.

वेसेल एकतीस वर्षांनंतर तिच्याशी पहिल्यांदा बोलला. "पान कितवं?"

"एकसष्ट. डॉक्टर वर्गात सांगत होते."

डॉक्टर म्हणजे फान डेर उल्फ्ट. पुस्तकाच्या पहिल्या पानावर, लॅटिनमध्ये, उल्फ्टियुस. शहरातल्या सुइणींची परीक्षा घ्यायची, त्यांना परवाना द्यायचा आणि दर गुरुवारी दोन तास व्याख्यान द्यायचं, हे काम नगरपालिकेने त्यांच्याकडे सोपवलेलं. मागच्या गुरुवारी ते म्हणाले होते, डोकं बाहेर येऊन मूल खांद्याशी अडलं तर काय करावं हे आपण शोधून काढलं आहे, पान एकसष्टवर आहे, आता सगळा युरोप वाचेल. लाइसबेटने विचारलं, आम्हालाही ऐकवा की. ते म्हणाले, बाई, ते तुमच्यासाठी नाही, लॅटिनमध्ये आहे.

वेसेलने ताव पुढ्यात ओढला. "'खांदा अडला असता ओढू नये, असे मी अनुभवाने शोधून काढले. स्त्री पाठीवर निजलेली असताना हात मागच्या बाजूने आत सरकवावा, आणि बाळाचा मागचा हात त्याच्या छातीवरून घेत प्रथम बाहेर काढावा.'"

"मी म्हणजे कोण?"

"डॉक्टर."

"असू दे. आणि गुडघे कुठायत?"

"कसले गुडघे?"

"बाईचे रे. गुडघ्यांवर घ्यायची ना तिला आधी. हातांवर आणि गुडघ्यांवर."

वेसेलने पान एकसष्ट पाहिलं, साठ पाहिलं, बासष्ट पाहिलं. गुडघे कुठेच नव्हते.

मग लाइसबेटने सांगितलं ते असं. डॉक्टर तिच्याबरोबर तीन बाळंतपणांना आले होते. रीतीप्रमाणे ते बाहेरच्या खोलीत बसले आणि दारावर चादर बांधली. परपुरुषाने आत पाहायचं नसतं. लाइसबेटला काम करताना तोंडाने बोलायची सवय. आता हात मागून घातला, आता कोपर सापडलं, आता छातीवरून ओढते. डॉक्टर चादरीपलीकडे लिहून घेत होते. पण बाईला उलटं करून गुडघ्यांवर घ्यायचं ते काम दोन शेजारणी करतात, आणि ते मुकाट्याने होतं. तिथे बोलायला फुरसत कोणाला असते?

"त्यांनी हात ऐकला," लाइसबेट म्हणाली. "गुडघे त्यांना कसे ऐकू येणार?"

"आणि पाठीवर निजवून हेच केलं तर?"

"हात शिरायला जागा नसते. मग जोर लावतील. पोराचा हात मोडेल, बाई आतून फाटेल. दोघं जातील, आणि पुस्तकात लिहिलंय तसं करून जातील."

वेसेल म्हणाला, मला हे नीट दिसत नाही, दाखवा. तिने आजूबाजूला पाहिलं आणि बारेंटला म्हणाली, खाली हो. बारेंट हा दरवाजातून आडवा शिरणारा माणूस. लायडनच्या पुलांवरून तो जाताना खालच्या होड्या थांबत, असं तो स्वतःच सांगे. तो म्हणाला, "मावशी, माझ्या बायकोने पाहिलं तर काय म्हणेल?"

"म्हणेल, आता कळू दे मेल्याला. नीज पाठीवर."

तो निजला. शाई लावायचा चामड्याचा गोल बोळा लाइसबेटने बाळाचं डोकं म्हणून घेतला. वेसेलला गुडघे टेकून बसवलं, त्याचा हात धरला, आणि बारेंटच्या पाठीखाली सरकवायला सांगितला. हात अर्ध्यात अडकला. बारेंट कण्हला, थोडा जास्तच. मग तिने त्याला उलटा केला, हातांवर आणि गुडघ्यांवर, आणि म्हणाली, आता घाल. हात अलगद गेला. हाडांमध्ये वरून ही अशी जागा होते, तिने दोन बोटं उघडून दाखवली, दोनच बोटं, पण तेवढ्यात मूल येतं. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

तेवढ्यात तेसेलारबाई कॉफीचं भांडं घेऊन आत आल्या. त्यांचा जुळारी गाईसारखा चार पायांवर, खाली शाईचा बोळा, आणि मुद्रितशोधक त्याच्या मागे गुडघ्यांवर. इतर कोणी मालक असता तर त्याने विचारलं असतं, हा काय प्रकार आहे? तेसेलारबाईंची सात बाळंतपणं झाली होती आणि त्यातली दोन मुलं जिवंत होती. त्यांनी एकदाच पाहिलं. "माझ्या तिसऱ्या वेळी असं कोणी केलं असतं तर," एवढं म्हणाल्या, आणि भांडं ठेवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

वेसेल हात पुसत उठला. "तुम्हाला हे कधीपासून ठाऊक आहे?"

लाइसबेटने ॲप्रनच्या टोकाने एकेक बोट पुसलं.

"एकतीस वर्षं. तुझ्या बायकोला, माइकेला, मी पाठीवरच ठेवली होती. आणि ओढलं. सगळ्याच ओढायच्या तेव्हा, मलाही तेच शिकवलेलं. तिला पुरलं त्या दिवशी मी घरी गेले, पिठाची गोणी घेतली, शेवटी स्वतःच जमिनीवर हातांगुडघ्यांवर झाले, काय हलतं काय नाही ते बघितलं. पुढची अडलेली बाई आली, तिच्या वेळी मी ओढलं नाही. तेव्हापासून चौदा जणी अडल्या. एकही गेली नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"कधी सांगणार? तू तीन पूल फिरून जात होतास."

बारेंट अजून चार पायांवरच होता. उठावं की नाही हे त्याला कळेना.

वेसेलपाशी राग भरपूर होता, पण त्यातला सगळ्यात जुना आणि मोठा राग त्याने कालव्यापलीकडच्या एका दारात ठेवला होता. आता तो तिथे राहीना. आणि दुसरीकडे ठेवायचा तर सगळ्यांत जवळची जागा त्याची स्वतःची होती. कारण पान एकसष्टचं लॅटिन त्याचंच. सबंध पुस्तकात त्या एका पानात कोणाचे तरी खरे हात काम करताहेत असं त्याला वाटलं होतं, म्हणून त्याने ते पान तीनदा घासूनपुसून लिहिलं होतं. इतकं सुरेख, की ते वाचून कोणालाही पटावं. माइके जिच्यामुळे गेली त्या चुकीला त्याने नवे कपडे घालून युरोपभर जायला तयार केलं होतं.

त्याने टोपी घातली आणि काळ्या हातांनीच डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर जिरं घातलेलं चीज कापत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते काही दुष्ट नव्हते. म्हणाले, बाई म्हणते त्यात तथ्य असेलही. पण ताव छापून झाले, वाळले. शिवाय आणखी एक अडचण होती.

"विचार करा, होर्स्ट. एखादी प्रतिष्ठित स्त्री, चार पायांवर, जनावरासारखी. डचमध्ये चालून जाईल, गोठ्याची भाषा आहे. पण लॅटिनमध्ये? काही मर्यादा असते."

"लॅटिनच्या अंगात मी उवेची आतडी भरलीत, डॉक्टर. कुत्र्यांचे माज भरलेत. ती कधी लाजली नाही."

डॉक्टर हसले. मग हसू आवरून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. गुडघे घालायचे तर प्रस्तावनेत जे लिहिलं आहे, 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले', त्याचं काय करायचं? चादरीमागे होतो असं लिहायचं? वेसेल म्हणाला, होतात तर लिहा. डॉक्टरांनी सुरी खाली ठेवली. सुइणींचे परवाने ईस्टरला नवे करायचे आहेत, हे त्या बाईच्या कानावर घाला, म्हणाले. सहासष्ट म्हणजे वय झालंच. आणि वेसेल दाराशी पोहोचला तेव्हा मागून म्हणाले, "शुद्धिपत्र तेवढं बाकी आहे ना? नेहमीचं घालून टाका. चुका तुमच्याच असतात, तुम्हालाच ठाऊक."

वेसेल शंभर पावलं चालला असेल, आणि पुलावर थांबला. त्या दिवशी पुलाखालचं पाणी तापलं आणि मासे वर आले, असं बारेंट पुढे सांगत असे. आपण ते सोडून देऊ. खरं एवढंच, की वेसेलला रस्ता सापडला होता आणि तो डॉक्टरांनीच दाखवला होता.

पुस्तकाच्या शेवटी अर्धा ताव कोरा सोडतात, शुद्धिपत्रासाठी. अमुक पान, अमुक ओळ, अमक्याऐवजी तमुक वाचावे. ते लिहितो मुद्रितशोधक. लेखक ते पाहत नाही, कारण आपल्या चुका कोणाला पाहाव्याशा वाटतात? मालक पाहत नाही, कारण तोवर पुस्तकं पिंपांत भरायची घाई असते. सबंध पुस्तकात तेवढं एकच पान मुद्रितशोधकाच्या मालकीचं, आणि चौतीस वर्षांत वेसेलने त्यावर शेतकऱ्याने दगड वेचावेत तशा चुका वेचण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

पण आधी विचारायला हवं होतं. तो घरी गेला नाही. पहिलाच पूल ओलांडला आणि लाइसबेटच्या दारात उभा राहिला. दारावर परवान्याची पाटी होती, निळ्या रंगावर पाळणा काढलेली.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "गुडघे घाल. माझं नाव कशाला?"

"नाव नसेल तर गुडघ्यांवर कोण विश्वास ठेवील? कोणीतरी पाहिलंय, हे लागतं त्यांना. तुम्ही पाहिलंय."

"पाटी जाईल."

"जाईल."

तिने पाटीकडे पाहिलं. मग हात उलटेसुलटे करून पाहिले. शाई अजून नखांत होती. "घाल मग," म्हणाली. "पाटी गेली तर गेली. हे कुठे जातायत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वेसेलने लिहिलं, आणि नेहमीसारखं तीनदा घासलं नाही, एकदाच लिहिलं. पान एकसष्ट, ओळ नऊ: 'मी अनुभवाने शोधून काढले' याऐवजी वाचावे, 'या शहरातील सुईण लाइसबेट कौपर हिने, एक आई व तिचे मूल गमावल्यानंतर, शोधून काढले, मी चादरीमागे होतो.' तीच ओळ, पुढे: 'पाठीवर निजलेली' याऐवजी वाचावे, 'हातांवर व गुडघ्यांवर घेतलेली, अन्यथा हे करू नये, दोघेही मरतील.' आणि सगळ्यांत खाली, प्रस्तावनेतल्या नेहमीच्या ओळीला उत्तर म्हणून: 'या चुका मुद्रितशोधकाच्या निष्काळजीपणाच्या नाहीत.'

बारेंटला लॅटिन येत नसे, पण खिळे जुळवता जुळवता लाइसबेटचं नाव त्याच्या बोटांखालून गेलं तेव्हा तो थांबला. तेसेलारबाई मागेच होत्या.

"मी शुद्धिपत्र वाचत नाही," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "आमचे गेले ते, तेही कधी वाचत नसत." मग जाता जाता, "बारेंट, जरा मोठे खिळे घे. परगावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना बारीक दिसत नाही."

पुस्तकं पिंपांत भरून होडीने गेली, ग्रंथांच्या जत्रेला, आणि तिथून जिथे जिथे लॅटिन जाते तिथे. दोन महिने काही झालं नाही. मग डॉक्टरांना एका जर्मन पंडिताचं पत्र आलं. त्याने लिहिलं होतं, आपल्याइतकी विद्वत्ता अनेकांपाशी असते, पण स्वतःच्या ग्रंथात एका अडाणी सुईणीला श्रेय देऊन 'मी चादरीमागे होतो' असं कबूल करणारा सत्यनिष्ठ पुरुष मी आजवर पाहिला नाही. मागोमाग उप्सालाहून तसंच आलं. डॉक्टरांनी आपल्याच पुस्तकाचं शेवटचं पान त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

नाकारणार कसं? युरोपभर आपण थोर ठरलो आहोत हे त्यांना दिसत होतं. पंडितांच्या बैठकीत त्यांनी मान झुकवून स्तुती घेतली, विनयाने. आणि घरी येऊन छापखान्यात उरलेल्या सगळ्या प्रतींतून ते पान कापायला लावलं. तो खोटारडा मुद्रितशोधक जाईल, नाहीतर माझं पुढचं पुस्तक दुसरीकडे जाईल, असं तेसेलारबाईंना कळवलं. बाई काय बोलल्या असत्या ते कळलं नाही, कारण वेसेलने त्यांच्यावर ती वेळच आणली नाही. आपली लेखणी तासायची सुरी खिशात घातली आणि कायमचा निघाला. त्या हिवाळ्यात छापखान्यातले ताव वाळायला दुप्पट दिवस लागले. हे मात्र अगदी खरं.

ईस्टरला लाइसबेटचा परवाना नवा झाला नाही. वयाचं कारण दिलं. शिपाई आला आणि निळी पाटी काढून घेऊन गेला. दारावर खिळ्यांची दोन भोकं राहिली. बायका येतच राहिल्या. आता पाटी शोधत नसत, भोकं शोधत.

एका दुपारी वेसेल पहिला पूल ओलांडून तिच्याकडे गेला. कोटाच्या आतून एक घडी केलेला ताव काढला. कापायच्या आधी बारेंटने एक पान वाचवून ठेवलं होतं. लाइसबेटने ते टेबलावर पसरलं, हातांनी सपाट केलं.

"माझं नाव कुठलं?"

त्याने दाखवलं. ती म्हणाली, लांबलचक आहे की. शेपूट लावलंय. तो म्हणाला, त्या भाषेत सगळ्यांना लावतात. मग तिने गुडघे कुठे ते विचारलं, आणि तो शब्द पाहून समाधानाने मान हलवली.

"आणि माइके?"

वेसेलने बोट ठेवलं. "'मातेर.' आई."

"एवढंच?"

"एवढंच बसत होतं."

लाइसबेटने आपला अंगठा त्या शब्दावर ठेवला. शब्द पुरता झाकला गेला. खालून कालव्यातून पीटमातीच्या जळणाची एक होडी गेली, भिंतीवर पाण्याचा उजेड हलला आणि पुन्हा स्थिर झाला. तिने अंगठा उचलला नाही, आणि वेसेलनेही तिला उचलायला सांगितलं नाही.